जुन्या जीपला डिस्क ब्रेक आणि सहा स्टडची चाके

संत्राबागवाला, अचलपूर तालुका (प्रश्न)

आमच्या घरी १९६६ सालची सीजे-३बी जीप आहे. आजोबांनी घेतली तेव्हा तिला हरिकेन पेट्रोल इंजिन होते. पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून सुमारे वीस वर्षांपूर्वी वडिलांनी प्यूजो जातीचे डिझेल इंजिन बसवले आणि त्याची नोंद आरसी पुस्तकात रीतसर करून घेतली. ब्रेक मात्र कारखान्यातून आले तसेच आहेत. चारही चाकांना ९ इंची ड्रम आहेत, पायाखालच्या फळीच्या खाली चॅसीला बसवलेला एकच मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) आहे आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे उपकरण) नाही. वावरातून मंडीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर आजवर त्यांच्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही घडले नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर पाहुण्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो. गाडीत सहा माणसे आणि सामान होते. घाट उतरताना निम्म्या वाटेवर ब्रेकचे पॅडल मऊ पडू लागले, लायनर जळल्याचा वास आला आणि एका वळणाच्या अलीकडे पॅडल चक्क फळीला टेकले. गिअर दुसरा टाकून आणि हॅन्डब्रेक ओढून गाडी डोंगराच्या कडेला लावली. अर्धा तास थांबल्यावर पॅडल पुन्हा पूर्ववत झाले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की पुढे डिस्क ब्रेक बसवल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. त्यातच माझ्या चुलतभावाकडे एका मोठ्या एसयूव्हीची १७ इंची अलॉय चाके पडून आहेत, ती तो फुकट देतो आहे. त्यांना सहा स्टड (चाक धरणारे बोल्ट) लागतात आणि आमच्या जीपला पाच आहेत. गावातील लेथवाला म्हणतो, की दोन्हींच्या स्टडचे वर्तुळ १३९.७ मिलिमीटर व्यासाचेच असल्यामुळे तो जुन्या हबला आणखी भोके पाडून सहा स्टड बसवून देईल. ब्रेक आणि चाके ही दोन्ही कामे एकदाच उरकावीत, असा विचार आहे. जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त मेकॅनिक, वर्धा

आपण सुखरूप आहात, हे महत्त्वाचे. मी आयुष्यभर बस आणि जीप यांचे ब्रेक हाताळले आहेत, म्हणून डिस्कचा निर्णय घेण्यापूर्वी त्या दिवशी नेमके काय झाले ते पाहू या.

घाटात ब्रेक तीन प्रकारांनी दगा देतात आणि तिन्ही पायाला वेगवेगळे जाणवतात. लायनर अतितापून गुळगुळीत झाले तर पॅडल दगडासारखे घट्ट राहते, पण गाडी थांबत नाही. ड्रम तापून फुगला तर तो शूपासून (लायनर बसवलेल्या कमानींपासून) दूर जातो, त्यामुळे पॅडल रोजच्यापेक्षा खाली जाते, तरी पुन्हा दाबल्यावर वर येते. तिसऱ्या प्रकारात व्हील सिलिंडरमधील ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल स्पंजासारखे होत फळीला टेकते, आणि थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल होऊन सगळे जणू काही घडलेच नाही असे वाटते. आपले वर्णन या तिसऱ्या प्रकाराशी तंतोतंत जुळते, आणि वासावरून पाहता पहिल्याचीही सुरुवात झालेली होती.

ऑइल का उकळले, याचे उत्तर बहुधा त्याच्या वयात आहे. डॉट-३ ऑइल नवे असताना २०५ अंश सेल्सियसला उकळते आणि डॉट-४ हे २३० अंशांना, परंतु ही दोन्ही ऑइले हवेतील ओलावा शोषून घेतात आणि पुरेसे पाणी मुरल्यावर तीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येते. दर दोन वर्षांनी संपूर्ण ऑइल बदलावे असे म्हणतात ते यासाठी. आपल्याकडे रिवाज असा आहे, की डबी रिकामी दिसली की वरून ओतायचे आणि झाकण लावायचे. आपल्या जीपचे ऑइल शेवटचे कधी बदलले, हे आपण वडिलांना विचारावे.

आता उष्णता किती होती तेही पाहा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटर उंच आहे आणि पायथ्यापर्यंतचा उतार साधारण ७०० मीटरचा भरतो. माणसांसह दीड टनाची जीप एवढी उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा निघते, तिच्यात ३० लिटर पाण्याला, म्हणजे आपल्याकडच्या दोन मोठ्या गुंडांतील (पाण्याच्या भांड्यांतील) पाण्याला, उकळी येईल. इंजिनाने त्यातील वाटा उचलला नाही तर ती सगळी चार लहान ड्रममध्ये जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा नियम डिस्क बसवल्यानंतरही सुटत नाही. आणि आपला हॅन्डब्रेक का लागला, तेही सांगतो: या जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या टोकाला स्वतंत्र ड्रमवर आहे आणि तो तारेने चालतो, त्यामुळे चाकाचे ड्रम तापल्याचा किंवा ऑइल उकळल्याचा त्याच्यावर काहीही परिणाम झाला नाही.

तेव्हा माझा सल्ला असा, की प्रथम चारही ड्रम उघडावेत. पुढच्या नकलचे (पुढचे चाक वळते त्या सांध्याचे) किंवा मागच्या ॲक्सलचे सील गळून गिअर ऑइल लायनरवर आले आहे का ते पाहावे, कारण जुन्या जीपमध्ये हे दहापैकी आठ वेळा आढळते. पावसाळ्यात आपली काळी माती ड्रममध्ये शिरून वाळते आणि शू अडकवते, तीही खरडून काढावी. ड्रम लेथवर साफ करून घेताना मूळ व्यासापेक्षा ६० थाऊहून (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अधिक मोठा झाला असेल तर तो टाकून द्यावा. रबरी होज पाईप सगळे नवे घालावेत. आणि शूची सेटिंग वरच्या कॅमपुरती न करता खालच्या अँकर पिनपासून करावी. हे काम वेळखाऊ असल्यामुळे हल्ली बहुतेक मिस्त्री ते टाळतात आणि मग ९ इंची ड्रम मुळातच निकामी असतात असे सांगतात.

आता सहा स्टडच्या भोकांविषयी, कारण ब्रेकपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. पाच स्टडमध्ये प्रत्येकी ७२ अंशांचे अंतर असते आणि सहा स्टडमध्ये ६० अंशांचे. वर्तुळ एकच असल्यामुळे एक भोक दोन्हीसाठी सामाईक धरता येते, परंतु त्याच्या शेजारचे नवे भोक जुन्या भोकापासून फक्त १२ अंशांवर पडते. १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर १२ अंश म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत १४.६ मिलिमीटर. स्टडच अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा आहे. दोन भोकांच्या मधे दोन मिलिमीटरही धातू उरत नाही. सामाईक भोक न धरता नवी सहाही भोके मधल्या जागी सरकवायची म्हटली, तर निदान एक जोडी एकमेकांत घुसतेच. वर्तुळ सारखे असणे ही येथे सोय नसून अडचण आहे, हे आपल्या लेथवाल्यांना कागदावर आखून दाखवावे. जुनी भोके वेल्डिंगने भरून नवी पाडण्याचा पर्याय कोणी सुचवील. चाकाच्या हबवर असे वेल्डिंग मी कधी केले नाही आणि करू दिले नाही.

तीन लिव्हर, यवतमाळ

काकाजींशी भोकांच्या बाबतीत पूर्ण सहमत आहे, पण डिस्कच्या बाबतीत थोडा मतभेद नोंदवतो. ड्रम कितीही नीट सेट केले तरी डिझेल इंजिन, सहा माणसे आणि घाट हे गणित १९६६ च्या ९ इंची ड्रमसाठी मांडलेले नव्हते. डिस्क उघड्यावर असल्यामुळे तिची उष्णता लवकर निघून जाते, आणि नाला ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी साचून जे पहिले चार-पाच ब्रेक वाया जातात, तेही डिस्कमध्ये होत नाही. मी चार वर्षांपूर्वी पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवल्या आणि मला पश्चात्ताप झालेला नाही. चिखलातील खड्यांनी पॅड लवकर झिजतात, एवढाच काय तो खर्च.

एक गोंधळ आधीच मिटवून घ्या. आपल्याकडे लोखंडी चाकालाही सर्रास ‘डिस्क’ म्हणतात. मी पहिल्यांदा दुकानात ‘जीपची पुढची डिस्क’ मागितली तेव्हा दुकानदाराने चाक काढून समोर ठेवले होते.

सहा स्टडच्या चाकांसाठी अडॅप्टर मिळतात, हेही सांगून ठेवतो, म्हणजे तो मोह कोणी दाखवल्यास आपण सावध असाल. जुन्या पाच स्टडवर एक जाड चकती बसते आणि तिच्यावर सहा नवे स्टड असतात. माझ्या ओळखीच्या एका जीपला असे अडॅप्टर होते. चाक प्रत्येक बाजूला चकतीच्या जाडीइतके बाहेर गेले, त्यामुळे स्टिअरिंग जड झाले आणि किंगपिनच्या (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीच्या) बेअरिंग दोन पावसाळ्यांत गेल्या. शिवाय आतले नट चाकाच्या मागे झाकलेले असतात, त्यामुळे ते ढिले झाले तरी कोणाला दिसत नाहीत. चाके फुकट मिळत असली तरी अडॅप्टर, बेअरिंग आणि १७ इंची टायर यांचा हिशोब करून पाहा.

मोहफूल, गडचिरोली

टायरचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. जीपच्या मूळ ६.००-१६ टायरची उंची सुमारे २८ इंच असते. १७ इंची एसयूव्ही चाकांवर साधारणपणे २६५/६५ आकाराचा टायर येतो आणि त्याची उंची साडेतीस इंचांच्या आसपास जाते. ब्रेक तोच ठेवून चाक एवढे मोठे केले, तर जमिनीवर मिळणारी ब्रेकची ताकद जवळजवळ ८ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे एका हाताने ब्रेक सुधारायचे आणि दुसऱ्या हाताने ते बिघडवायचे, असा हा प्रकार होईल.

संत्राबागवाला, अचलपूर तालुका

सर्वांचे आभार. काकाजी, ऑइलबद्दल वडिलांना विचारले. त्यांचे उत्तर होते, ‘इंजिन बदलले तेव्हा बदलले असेल.’ यावरून काय ते समजावे. लेथवाल्यांना आपण सांगितल्याप्रमाणे पुठ्ठ्यावर वर्तुळ आखून दाखवले. त्यांनी स्वतःच कंपास घेऊन पुन्हा आखले आणि काही न बोलता पुठ्ठा माझ्याकडे परत दिला. सहा स्टडचा विषय माझ्यापुरता संपला.

तीन लिव्हर भाऊ, आपण डिस्क कोणत्या गाडीच्या घेतल्या आणि त्यासाठी स्टड बदलावे लागले का, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

तीन लिव्हर, यवतमाळ

मी मारुती जिप्सीच्या पुढच्या डिस्क घेतल्या. जिप्सी ज्या सुझुकी कुळातील आहे, त्या गाड्यांना पाच स्टड आणि १३९.७ मिलिमीटरचेच वर्तुळ असल्यामुळे परदेशातही जुन्या विलिसवाले (विलिस ही जीपची मूळ अमेरिकी कंपनी) याच डिस्क वापरतात. खरेदीपूर्वी वर्तुळ स्वतः मोजून घ्यावे. पाच स्टडमध्ये समोरासमोर स्टड नसल्यामुळे व्यास थेट मोजता येत नाही, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतील अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. हे अंतर ८२ मिलिमीटर भरले तर वर्तुळ आपले आहे. ६७ भरले तर ते ११४.३ चे आहे आणि उपयोगाचे नाही.

कामाचा क्रम असा होता. जीपच्या नकलवर ड्रमची मागची पत्र्याची प्लेट आणि स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) एकाच सहा बोल्टांनी धरलेले असतात. प्लेट काढून त्याच बोल्टांवर कॅलिपरसाठी (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागासाठी) जाड पोलादी ब्रॅकेट बसवला. प्लेट गेल्यामुळे जाडीत पडलेला फरक ब्रॅकेटच्या जाडीने भरून निघतो की नाही, हे मोजूनच ब्रॅकेट कापावा लागतो, नाहीतर स्पिंडल नीट बसत नाही. ब्रॅकेट वेल्ड करून जोडलेल्या तुकड्यांचा नसावा, अखंड प्लेटमधून कापलेला असावा. चाक लावून ते हाताने पूर्ण फिरवून पाहावे. माझ्या एका चाकाच्या आतल्या बाजूला कॅलिपर घासत होता आणि ते पहिल्याच दिवशी लक्षात आले म्हणून बरे झाले.

स्टड बदलावेच लागतात, कारण जुन्या जीपमध्ये ड्रम आणि हब स्टडनेच एकमेकांना धरलेले असतात आणि स्टडची मान ठोकून पसरवलेली असते. ती पसरलेली मान लेथवर किंवा योग्य कटरने काढल्याशिवाय स्टड प्रेसने ढकलल्यास हबचे भोक मोठे होते आणि नवा स्टड त्यात गरगर फिरतो. माझ्या पहिल्या हबचे असेच वाटोळे झाले. याच वेळी डाव्या बाजूचे स्टडही तपासा. विलिसच्या मूळ रचनेत डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्याचे नट असतात, आणि हे ठाऊक नसलेला मनुष्य पान्याला पाईप लावून तो नट सोडण्याऐवजी आवळत राहतो, शेवटी स्टड मोडतो. नवे घालताना मी चारही चाकांना सुलट आट्याचे घातले आणि आत दरवाजाजवळ तसे रंगाने लिहून ठेवले.

आता ऑइलच्या बाजूकडे वळतो, कारण बहुतेक लोक डिस्क बसवून येथेच फसतात. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक झडप असते, जी पॅडल सोडल्यावरही पाईपमध्ये सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब राखून ठेवते. ड्रममध्ये शू मागे खेचणाऱ्या स्प्रिंग असल्यामुळे हा दाब चालतो. डिस्कमध्ये तशी स्प्रिंग नसते, त्यामुळे पॅड डिस्कला सतत घासत राहतात आणि दहा किलोमीटरवर चाक हात लावू देत नाही. झडप अजिबात नसली तर जीपमध्ये उलटी अडचण होते, कारण मास्टर सिलिंडर फळीखाली, म्हणजे कॅलिपरच्या खालच्या पातळीवर असल्यामुळे ऑइल हळूहळू त्याच्याकडे परत उतरते आणि पॅडल दोनदा मारावे लागते. यासाठी पुढच्या लाईनमध्ये २ पीएसआयची आणि मागच्या ड्रमच्या लाईनमध्ये १० पीएसआयची वेगळी झडप घालावी लागते.

आपले इंजिन डिझेल आहे, हे बूस्टर घेताना विसरू नका. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला लागणारी व्हॅक्यूम आपोआप मिळते. डिझेलला थ्रॉटलची झडप नसल्यामुळे ती मिळत नाही आणि मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर घ्यावा लागतो. बूस्टरशिवाय डिस्क चालते, पण पाय दुखतो.

निवृत्त मेकॅनिक, वर्धा

तीन लिव्हर यांनी फार नेमके लिहिले आहे आणि डिस्कविषयीचा माझा विरोध त्यांच्या लेखनाने बराच मवाळ झाला आहे. त्यांनी न सांगितलेले एक काम मी मात्र सर्वांत वर ठेवीन, ते म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडर. आपल्या जीपमध्ये एकच सिलिंडर चारही चाकांना ऑइल पुरवतो, म्हणजे एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. दुहेरी सिलिंडरमध्ये पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा असल्यामुळे एक गेला तरी दुसरा उरतो. पैसे एकाच कामापुरते असतील तर डिस्क पुढच्या वर्षी बसवा आणि दुहेरी सिलिंडर यंदा घाला. पुढे डिस्क आल्यावर मागचे ड्रम आधी लॉक होत असतील, तर मागच्या लाईनमध्ये दाब कमी करणारी झडप लागेल. रिकाम्या जीपने ओल्या, मोकळ्या जागेत याची चाचणी घ्यावी.

नटांबद्दलही एक सावधगिरी बाळगावी. जीपच्या मूळ स्टडचे आटे अर्धा इंच, २० टीपीआय (दर इंचाला २० आटे) असतात, तर सुझुकीचे १२ मिलिमीटर आणि १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधील अंतर, मिलिमीटरमध्ये). दोन्हींचे पिच जवळजवळ सारखे असल्यामुळे जीपचा जुना नट सुझुकीच्या स्टडवर सहज चढतो आणि आवळल्यासारखाही वाटतो, परंतु तो आट्याच्या केवळ टोकांवर धरलेला असतो. जुन्या आणि नव्या नटांचे डबे एकत्र ठेवू नका. नट निदान स्टडच्या जाडीइतका आत चढला पाहिजे, म्हणजे अर्ध्या इंचाच्या स्टडवर दहा पूर्ण फेरे, आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत.

काळी माती, वणी

कागदपत्रांची बाजू कोणी मांडलेली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आपण इंजिनाची नोंद केली आहे, हे उत्तम केले. पण पुढे कधी जीपची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचा विचार असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार वाहन ५० वर्षांहून जुने असण्यासोबत मूळ स्वरूपातही असावे लागते आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनातील बदल त्यात बसत नाही. त्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून मुदत १० वर्षांची आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. बागेतील कामाच्या जीपला तो मार्ग तसाही सोयीचा नाही. मूळ ड्रम आणि प्लेटा मात्र भंगारात घालू नका, ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवा.

संत्राबागवाला, अचलपूर तालुका

दीड महिन्याने लिहीत आहे. आंबिया बहराची तोड सुरू असल्यामुळे उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व.

ड्रम उघडले. पुढच्या डाव्या नकलचे सील गळत होते आणि त्या चाकाचे दोन्ही शू गिअर ऑइलने काळे झालेले होते. म्हणजे घाटात चारऐवजी तीनच चाके ब्रेक लावत होती. व्हील सिलिंडरमधून निघालेले ऑइल चहासारखे दिसत होते आणि तळाशी गंज होता. एक ड्रम साठ थाऊच्या पलीकडे गेलेला निघाला, तो बदलला. सील, लायनर, चारही व्हील सिलिंडरच्या किट, सगळे होज आणि डॉट-४ ऑइल नवे घातले आणि अँकर पिनपासून सेटिंग करण्यासाठी मिस्त्रींसोबत दोन दिवस बसलो. काकाजींच्या सांगण्याप्रमाणे दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला आहे. फळीखाली जागा अपुरी पडत असल्यामुळे त्याचा ब्रॅकेट तीन वेळा बदलावा लागला.

गेल्या रविवारी तोच घाट, तेवढीच माणसे घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पॅडल शेवटपर्यंत एकाच उंचीवर राहिले. खाली आल्यावर चारही ड्रमना लांबूनच हात दाखवला. सगळे गरम होते, पण सारखेच गरम होते. जिप्सीच्या डिस्क आणि व्हॅक्यूम पंपाचा अल्टरनेटर आता तोडीचे पैसे हातात आल्यावर घेईन, तोपर्यंत ब्रॅकेटचे माप पुठ्ठ्यावर उतरवून ठेवले आहे. चुलतभावाची चाके त्याला परत दिली.

तीन लिव्हर भाऊ, आपल्या सूचनेवरून डाव्या बाजूचे स्टड तपासले. मागच्या डाव्या चाकाला चार स्टड उलट्या आट्याचे आणि एक सुलट आट्याचा निघाला. तो कोणी आणि कधी बदलला, हे घरात कोणालाही आठवत नाही.